पोकलेन बंद, कारण : मगर

मे महिना संपत आला होता. मिठी नदीचा फिल्टरपाड्याजवळचा तुकडा आमच्या कंत्राटदाराकडे होता आणि ३१ मेच्या आत गाळ निघायलाच हवा होता. सुपरवायझर म्हणून माझं काम तसं रटाळ. डंपर मोजायचे, वजनकाट्याच्या पावत्या जपायच्या आणि गाळ उपसताना मोबाईलवर चित्रीकरण करायचं. चित्रीकरण नसेल तर बिल पुढे सरकत नाही.

त्या सकाळीही मोबाईल धरूनच उभा होतो. बकेट काठाच्या मातीत शिरली, थोडी दरड कोसळली आणि ऑपरेटरने एकदम मशीन बंद केलं. ऑपरेटर चिपळूणचा, आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणतो. केबिनमधून मान बाहेर काढून, चहा सांगावा इतक्या सहज म्हणाला, "साहेब, मगर आहे."

मला फाटका टायर दिसत होता. नाल्यात टायर निघतातच. मग टायरने डोळे उघडले.

चारेक फुटांची असेल. कोसळलेल्या मातीमागे बीळ होतं आणि ती त्याच्या तोंडाशी पडून होती. पाणी आटलं की मगरी काठ पोखरून आत बसतात, हे मला भाऊने सांगितलं. वाशिष्ठीकाठी वाढलेला माणूस, त्याला यात नवल ते काय! २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावरून भलीमोठी मगर चालत गेली, तो व्हिडिओ त्याच्या फोनमध्ये अजून आहे. हेल्पर पोरगा भिलवडीचा. तो म्हणाला, आमच्या कृष्णेत याच्या दुप्पट असतात. मग कुणाच्या नदीतली मगर मोठी यावर दोघांची जुंपली आणि मी वनखात्याचा हेल्पलाइन नंबर १९२६ लावला.

तोवर वस्तीतून माणसं जमली. कुणी म्हणे पाळलेली सोडली, कुणी म्हणे सर्कशीतली. खरं तर एवढ्या कल्पना लढवायची गरजच नव्हती. पवई तलाव १८९१ सालचा, त्यात मगरी आहेत हे पवईकरांना ठाऊक आहे, आणि तलाव भरला की त्याचं पाणी मिठीतच येतं. पाणी आलं, मगर आली. आपण मात्र मिठी म्हटलं की गाळ आणि प्लास्टिकच धरून चालतो.

वनखात्याची गाडी ट्रॅफिकमधून येईपर्यंतचा वेळ सगळ्यात अवघड गेला. मगरीपेक्षा माणसं आवरणं कठीण. सेल्फीवाले काठाच्या अगदी टोकाशी. एका पोराने दगड उचलला, तर वस्तीतल्या एका मावशींनी त्याचा कान असा पिळला की त्यानंतर कुणी वाकलंसुद्धा नाही. ऊन चढत होतं. भाऊ म्हणाला, बीळ फुटलंय, ती तापेल. म्हणून धुळीवर मारायच्या टँकरमधलं पाणी लांबून हलकं सोडत राहिलो.

वनखात्याचे लोक आले आणि गडबड न करता कामाला लागले. लांब काठीचा फास, मग डोळ्यांवर ओलं गोणपाट. डोळे झाकताच तिची धडपड थांबली. जबड्याला साधी चिकटपट्टी गुंडाळली, नाकपुड्या मोकळ्या ठेवून. मी विचारलं, एवढ्याने भागतं? त्यांनी सांगितलं, मगरीची ताकद जबडा मिटण्यात. उघडणारे स्नायू अगदी दुबळे. मगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच पंगतीला. माझी सही घेऊन पंचनामा झाला. डॉक्टर तपासतील, मग योग्य जागी सोडू, म्हणाले.

आजूबाजूच्या काठात आणखी कुठे बीळ नाही याची त्यांनी खात्री केली, तेव्हा कुठे दुपारनंतर मशीन सुरू झालं. उरलेला काठ भाऊने एरवीपेक्षा खूपच सावकाश, थर काढल्यासारखा उपसला. मी घाई केली नाही.

संध्याकाळी लॉगशीट भरताना पोकलेन बंद राहण्याचं कारण लिहायचं होतं. छापील पर्याय म्हणजे पाऊस, बिघाड, डिझेल आणि इतर. 'इतर'पुढे मी 'मगर' लिहिलं. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराच्या ऑफिसातून हिशेबनीसाचा फोन: हे तास असे धरता येणार नाहीत, पुरावा लागेल. मी त्याला बिलासाठी केलेलं चित्रीकरण पाठवलं, तारीख आणि वेळेसकट. भाऊचे तास पूर्ण मिळाले.