भावंडाचा अर्ज प्रलंबित असताना अमेरिकेची पर्यटनवारी

अमेरिकेतील बहिणीने किंवा भावाने आपल्यासाठी आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला कायमचे बोलावून घेण्याचा अर्ज, भरलेला असणे, ही मुंबईतील मराठी घरांत आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. अर्ज दाखल होतो, प्रायोरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, मिळते आणि मग वर्षामागून वर्षे जातात. मध्येच भाचीचे लग्न ठरते आणि ग्रीन कार्डाचा अर्ज पडून असताना साध्या पर्यटक व्हिसावर जाऊन येता येईल का, हा प्रश्न घरात उभा राहतो. माझ्या धाकट्या बहिणीने माझ्यासाठी असा अर्ज केलेला असल्यामुळे आमच्याकडेही तो उभा राहिला, आणि सल्ला देणाऱ्यांची अर्थातच वाण नव्हती.

अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात अशा प्रवासाला बंदी नाही. अडचण आहे ती कलम २१४(बी) ची. बी१/बी२, म्हणजे व्यवसाय किंवा पर्यटनाचा, व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचे राहायलाच निघाला आहे, असे हे कलम गृहीत धरते आणि तसे नसल्याचे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकते. बहिणीचा अर्ज हा त्या गृहीतकाला मिळालेला लेखी पुरावा ठरतो. म्हणून काम कठीण होते, अशक्य नव्हे. कॅनडाचा कायदा याबाबत अधिक मोकळा आहे: तेथे कायम वास्तव्याची इच्छा असली, तरी मुदत संपताच परत जाल अशी अधिकाऱ्याची खात्री पटल्यास तात्पुरता व्हिसा देता येतो, असे कलम २२(२) स्पष्टच सांगते.

डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन (आय-१३० सारखा अर्ज) दाखल केली आहे का, असा थेट प्रश्न असतो. ‘तिथे सरळ नाही लिहा, कोण बघतंय?’ हा सल्ला मला दादरमधील एका एजंटाने चहा पाजून दिला. बघणारे बघतात, कारण ती पिटिशन त्यांच्याच सरकारकडे नोंदलेली असते. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून खोटी दिल्याचे ठरले, तर कलम २१२ नुसार अमेरिकेचे दार जन्मभरासाठी बंद होऊ शकते आणि ज्या अर्जासाठी इतकी वर्षे थांबलो तोही निरुपयोगी होतो. इमिग्रंट व्हिसासाठी माफीची तरतूद आहे, पण तिच्यासाठी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेला जोडीदार वा आईवडील असावे लागतात. बहीण त्यात मोडत नाही.

माझ्या मते भावंडांच्या बाबतीत खरे उत्तरच अधिक उपयोगी पडते. या एफ-४ वर्गासाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा आहेत, त्यातच प्रत्येक देशावर सात टक्क्यांची मर्यादा आहे, आणि पाळी कुठवर आली ते दर महिन्याला सांगणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये २०२५ साली भारतासाठी २००६ सालचे अर्ज चालू होते. एवढ्या लांब रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मुदत उलटून तेथे राहण्यात काय लाभ? पाळी येईपर्यंत त्याला तेथून ग्रीन कार्डाचा अर्जच करता येत नाही, आणि मुदतीनंतर १८० दिवसांहून अधिक राहून बाहेर पडल्यास तीन वर्षे, एक वर्ष किंवा अधिक राहिल्यास दहा वर्षे प्रवेशबंदी लागते. अमेरिकन नागरिकाच्या पती-पत्नीचे गणित मात्र वेगळे आहे. त्यांना संख्येची मर्यादा नसल्यामुळे तेथे पोहोचताच अर्ज करण्याचा मोह असतो, आणि अधिकाऱ्याचा संशयही त्या प्रमाणात वाढतो.

मुलाखतीत मी हेच दोन वाक्यांत सांगितले: बहिणीचा अर्ज आहे, पाळी यायला बरीच वर्षे आहेत, लग्न उरकून नोकरीवर परतायचे आहे. रजेचे मंजुरीपत्र आणि घराची कागदपत्रे फाइलमध्येच राहिली. व्हिसा मिळाला. अर्थात तेवढ्याने प्रवेशाची हमी मिळत नाही. किती दिवस राहू द्यायचे हे विमानतळावरचा अधिकारी आय-९४ या प्रवेशनोंदीवर ठरवतो आणि त्याच्यासमोरही उत्तर तेच असावे लागते. बहीण म्हणत होती, ‘दादा, सहा महिन्यांचा शिक्का मिळतो, राहा की निवांत.’ मी रजेपुरताच राहिलो.

भरलेल्या डीएस-१६० ची प्रत मात्र अजून जपून ठेवली आहे. भारतातील बहुतेक इमिग्रंट व्हिसांच्या मुलाखती मुंबईतच, त्याच बीकेसीतील कॉन्सुलेटमध्ये होतात, आणि माझी पाळी येईल तेव्हा आज लिहिलेली उत्तरे तेथील अधिकाऱ्यापुढे असतील.