तुम्ही विचारलंत म्हणून: नवस बोलतो कोण आणि फेडतो कोण

माझ्या घरात देव्हारा नाही आणि आषाढीला जमेल तेवढं मी दिंडीबरोबर चालतो, या दोन्ही गोष्टी एकदम कळल्या की माणसं हमखास विचारतात, बाबा रे एक काय ते ठरव, देवाच्या पूजेनं माणसाचं भलं झालंय की वाटोळं? नातेवाईक विचारतात तेव्हा त्यांना भलं ऐकायचं असतं, चळवळीतल्या मित्रांना वाटोळं, आणि मी काहीतरी गुळमुळीत बोलून चहा मागवतो. आज जरा नीट सांगतो.

मी एवढंच बघतो की नवस बोलतंय कोण आणि फेडतंय कोण. दोघं एकच असतील तर मला तक्रार करायला जागाच उरत नाही, मग देव असो वा नसो.

वारीचंच घ्या. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, जवळजवळ तीन आठवडे, पाय स्वतःचे, फोडही स्वतःचे. माळ घातली की दारू-मटण बंद, ते पण स्वतःचंच. कोणीही कोणाच्याही पाया पडतं, पासष्टीची आजी विशीतल्या पोराला माऊली म्हणून वाकते आणि तो पोरगा ऑकवर्ड होऊन तिच्याआधी वाकायला बघतो. आणि ज्या सुनेला एरवी माहेरी जायचं तर चौघांना विचारावं लागतं ती तीन आठवडे घराबाहेर पडते आणि कोणी हूं का चूं करत नाही, कारण विठोबाचं नाव पुढे आहे. ही सवलत तिला दुसऱ्या कोणी दिली असती असं मला तरी वाटत नाही. वारीत सगळं गोडच आहे असंही नाही हां, एकाच दिंडीत जातीप्रमाणे पंगती वेगळ्या बसायच्या हे जुन्या लोकांना विचारा.

पण खरा घोळ पंढरपुरात पोचल्यावर. महाद्वारात नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. चौदाव्या शतकातला महार जातीचा माणूस, मंगळवेढ्याला वेशीचं काम करताना भिंत कोसळून गेला, आयुष्यभर ज्याचं नाव घेतलं त्याच्या दाराच्या आत जाता आलं नाही, आणि मेल्यावरही जागा मिळाली ती दाराबाहेर. त्याची बायको सोयराबाई, तिनं तर अभंगातून सरळ विचारलंय की विटाळाशिवाय जन्मलेला देह तरी कोणाचा आहे. आता सांगा, सोवळं पाळणारे आत, आणि त्या सोवळ्याची किंमत मोजणारा कोण, तर बाहेरचा चोखा. आणि एकदा नाही, सहाशे वर्षं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी तिथं उपोषणाला बसले तेव्हा कुठे दार उघडायचं कबूल झालं. सांगतात की दार उघडायच्या आधी काही मंडळींनी विधी करून मूर्तीतलं तेज घागरीत काढून घेतलं. मला हे ऐकून राग येण्याआधी हसू येतं, ज्या देवाला आपण सर्वव्यापी म्हणतो तो घागरीत मावला.

नाशिकला तर एवढंही झालं नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, पुढे काही वर्षं चालला, दगड खाल्ले, दार काही उघडलं नाही, आणि १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्यात जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. तरीही १९४८ साली अस्पृश्यांवरचं पुस्तक निघालं ते त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलं. देवळाकडे पाठ फिरवली, पायरीवरच्या माणसाकडे नाही. माझ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी यावर जरा थांबून विचार करावा असं मला वाटतं, पण ते करत नाहीत.

यावर नातेवाईक म्हणतात, हे सगळं पुजाऱ्यांचं पाप, भक्ती वेगळी. इतकं सोपं नाही ते. कोल्हापूर, सांगलीकडे पोरीच्या केसांत जट आली की यल्लम्माचं बोलावणं आलं म्हणायचे, घरात कोणी आजारी असेल तर नवस बोलायचे आणि पोरगी देवाला सोडायचे. तिथं मध्ये कोणी बडवा नव्हता, आईबापच होते, घाबरलेले, गरीब, आणि मनापासून श्रद्धा असलेले. नवस बापाचा, फेडायची पोरीनं, ते पण जन्मभर. १९३४ साली मुंबई प्रांतात या देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला तरी महाराष्ट्राला पुन्हा २००५ चा वेगळा कायदा करावा लागला, यावरून काय ते समजा. भक्ती खरी असली म्हणून निरुपद्रवी असते असं अजिबात नाही.

आणि मित्रांनाही एक सुनावतो. मांढरदेवीला काळूबाईच्या जत्रेत २५ जानेवारी २००५ ला चेंगराचेंगरीत जवळजवळ ३०० माणसं गेली, ते उदाहरण त्यांच्या तोंडात कायम. अरुंद वाट, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, पुढे दुकानांना आगी. पण एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २०१७ साली २३ माणसं चेंगरून मेली, तिथं कुठला देव होता? गर्दीचं नियोजन न करणं हा वेगळा गुन्हा आहे, तो काळूबाईच्या नावावर कशाला खपवायचा. बोकडांचं म्हणाल तर ते माझ्या हिशेबात बसतं, नवस माणसाचा आणि मान त्याची.

आता जिथं माझा हिशेब जरा अडखळतो ते सांगतो. देवराया. कोकणात, घाटमाथ्यावर देवाच्या नावानं राखलेलं रान, आत कुऱ्हाड चालवायची नाही, कित्येक ठिकाणी वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, नाहीतर देव कोपतो. निव्वळ भीती. पण आजूबाजूचा डोंगर बोडका झाला तरी देवराई उभी राहिली, तिच्यातला झरा गावाला पाणी देत राहिला. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा शिकल्यासवरल्या लोकांचं तिकडे लक्ष गेलं, गावकऱ्यांना ते आधीच माहीत होतं. इथं भीतीनं भलं केलं हे मला मान्य करावं लागतं. पथ्य सगळ्या गावानं पाळायचं आणि पाणी सगळ्या गावाला, म्हणून बहुतेक ते टिकलं.

हल्ली मात्र कित्येक ठिकाणी त्याच रानातल्या उघड्यावरच्या देवाला स्लॅबचं देऊळ बांधायचं ठरतं, मुंबईहून वर्गणी येते, टाइल्स येतात, आणि सभामंडपासाठी झाडं पाडायची वेळ आली की आधी देवाला कौल लावतात. रीतसर गाऱ्हाणं घालतात, गुरव कळ्या चिकटवतो, उजवी पडली तर होकार. एका म्हाताऱ्या गुरवाला मी विचारलं की काका, झाड तोडायला देव नाही म्हणाला असं कधी झालं का. म्हणाले, आधी व्हायचं की. हल्ली कॉन्ट्रॅक्टर ठरल्यावर कौल लावतात.