तुम्ही विचारलंत म्हणून: पेन्शन कुणाच्या पैशातून?

कोषागारातून निवृत्त झालो म्हणून असेल, पण अमळनेरला कुणाच्याही लग्नकार्यात गेलो की एक प्रश्न हमखास येतो: "भाऊ, नोकरीभर आमच्या पगारातून पैसे कापले, मग म्हातारी माणसे वाढली तर सरकारला पेन्शन जड का व्हावी?"

पगारपत्रकावर दरमहा दिसणारी ती कपात भविष्य निर्वाह निधीची होती. ती रक्कम निवृत्तीच्या वेळी व्याजासह हाती पडली, तिथेच तो हिशेब संपला. जुन्या योजनेतल्या पेन्शनसाठी आपल्याकडून काहीही कापलेले नाही आणि तिच्यासाठी वेगळी गंगाजळीही नाही. ती त्या त्या वर्षीच्या महसुलातून, म्हणजे आज कमावणाऱ्यांनी भरलेल्या करांतून दिली जाते. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत रुजू झालेल्यांच्या पगारातून मात्र पेन्शनसाठी अंशदान खरोखरच कापले जाऊ लागले.

म्हणूनच कमावणारे किती आणि वृद्ध किती, याला महत्त्व येते. लोक जास्त जगतात हे खरे, पण वृद्धांचे प्रमाण वाढण्याचे मोठे कारण पाळण्याकडे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या १९९२-९३ मध्ये २.९ होती, ती २०१९-२१ मध्ये १.७ वर आली. त्यातून तरुण मुले सुरतेला, पुण्याला गेली की आपल्या गावांतले हे प्रमाण आणखी चढते.

मला खरी काळजी आहे ती हा प्रश्न कधीच न विचारणाऱ्यांची. कापूस वेचण्यात आणि केळीच्या बागांत ज्यांचा जन्म गेला, त्यांच्या नावे पेन्शनचा कागदच नाही. पात्र ठरल्यास श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये, एवढाच आधार. आमच्या गल्लीतल्या एका आजीबाईंच्या बोटांवरच्या रेषा कामाने इतक्या झिजल्या आहेत की यंत्र अंगठा घेत नाही. केंद्रावरचा मुलगा बोट पुसून, फुंकर घालून पुन्हा पुन्हा टेकवायला लावतो आणि कधी त्यांना तसेच परतावे लागते. पेन्शनच्या बोज्याची चर्चा करताना आम्ही निवृत्त कर्मचारी या माणसांना हिशेबातच धरत नाही, हे मला फार खटकते. माझ्या पेन्शनवर महागाईनुसार वाढ मिळते; त्यांच्या पंधराशेंना महागाईची जोड दिलेलीच नाही.