इंग्लिश मफिन: ओव्हन नको, बिडाचा तवा काढा

घरी ओव्हन नाही म्हणून ब्रेडच्या वाटेला न जाणारे खूप जण माझ्या ओळखीत आहेत, आणि त्या सगळ्यांना मी एकच सांगते की इंग्लिश मफिन करून बघा. कपकेकसारखं गोड मफिन नाही हं, हा यीस्टचा चपटा गोल ब्रेड, वरून-खालून खरपूस आणि आतून भोकाभोकांचा, आणि हा मुळातच तव्यावर भाजायचा प्रकार आहे, ओव्हनला पर्याय म्हणून तवा असं नाही.

300 ग्रॅम मैदा, 230 मिली कोमट दूध, 20 ग्रॅम बटर, एक टेबलस्पून साखर, एक टीस्पून मीठ आणि एक टीस्पून इन्स्टंट यीस्ट, एवढ्यात आठ होतात. सगळं एकत्र करून सात-आठ मिनिटं मळायचं, पण मळायचं म्हणजे हाताने आपटायचं आणि ओढायचं, कारण हे पीठ पोळीच्या कणकेपेक्षा कितीतरी सैल असतं, हाताला चिकटतं, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि वरून मैदा घातला जातो. नका घालू. आतली ती भोकं या ओलाव्यातूनच येतात, यीस्टचा गॅस आणि पाण्याची वाफ दोघांना पसरायला सैल पीठच लागतं, घट्ट पिठाचे साधे पाव होतील, चांगलेच होतील, पण मफिन होणार नाही. हात ओला करा, प्लॅस्टिकचा स्क्रेपर वापरा, काहीही करा पण मैदा नको.

मग डब्यात झाकून अर्धा तास बाहेर आणि नंतर रात्रभर फ्रीजमध्ये. याने चव येतेच, शिवाय गार पीठ हाताळायला एकदम सोपं जातं, जे रात्री हाताला चिकटत होतं त्याचे सकाळी छान गोळे वळता येतात.

ताटात जाड रवा पसरायचा, त्यावर गोळे ठेवून हलकेच चपटे करायचे, वरूनही रवा. अमेरिकन रेसिपीत इथे कॉर्नमील लिहिलेलं असतं आणि लोक आपलं कॉर्नफ्लॉवर आणतात, ते नाही चालत, तो नुसता स्टार्च आहे, कॉर्नमील म्हणजे मक्याचा भरडा. रवा उत्तम, इंग्लंडमध्येही बरेच जण रवाच वापरतात. झाकून पाऊण ते एक तास, पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी जास्तच लागतो. बोट दाबलं की खड्डा सावकाश भरून आला पाहिजे.

आता भाजणं, आणि सगळी मजा इथे आहे. बिडाचा तवा मंद आचेवर पाच मिनिटं तापू द्या आणि त्यावर चिमूटभर रवा टाका. लगेच काळा पडला तर तवा फार तापलाय, आणि मिनिटभरात हळूहळू बदामी झाला तर बरोबर. तेल-तूप काही नाही. मफिन अलगद उचलून ठेवायचे, वरून झाकण, एका बाजूने सात-आठ मिनिटं आणि उलटून परत तेवढीच. पिठात दूध आणि साखर आहे म्हणून रंग पटकन येतो आणि आत कच्चं राहतं, त्यामुळे आच वाढवायचा मोह होईल तेव्हा गॅसपासून लांब उभे राहा. कडेची पांढरी पट्टी दाबून बघायची, ती परत वर आली की झालं, थर्मामीटर असेल तर आत 95 अंशांच्या आसपास.

आणि कृपा करून सुरी लावू नका! काट्याने कडेने गोल टोचत जायचं आणि मग हाताने उघडायचं. हाना ग्लास या इंग्लिश बाईंनी 1747 मध्ये छापलेल्या स्वयंपाकाच्या पुस्तकातसुद्धा मफिन हाताने उघडा, सुरी लावू नका असं बजावलंय. सुरीने कापलं की आतला भाग सपाट दाबला जातो, फाडला की खडबडीत राहतो, टोस्ट केल्यावर त्याची टोकं कुरकुरीत होतात आणि खड्ड्यांत लोणी साठतं. त्या खड्ड्यांसाठी अमेरिकेत कोर्टकचेरी झालीय! इंग्लंडमधल्या प्लिमथहून गेलेल्या सॅम्युअल बाथ थॉमस यांनी 1880 मध्ये न्यूयॉर्कला बेकरी काढली, त्यांच्या नावाचे मफिन अजून विकले जातात, आणि ते खड्डे कसे येतात याची पूर्ण पद्धत फक्त 7 जणांना माहीत होती असं कंपनीचं म्हणणं होतं. त्यातला एक जण स्पर्धक कंपनीत निघाला तेव्हा 2010 मध्ये कोर्टाने त्याला तात्पुरतं रोखलं. मला यात अजिबात नवल वाटत नाही, एकदा खाऊन बघा म्हणजे कळेल.

आमच्याकडे घरचं लोणी आणि वर लसणाची चटणी, मुलांना मध. हाफ फ्राय आणि चीज घालूनही भारी लागतं. उरले तर काट्याने आधी उघडून ठेवा आणि मगच फ्रीजरमध्ये टाका, कारण गोठलेला अख्खा मफिन उघडायला गेलं की तुटतो, अर्धे केलेले मात्र सरळ टोस्टरमध्ये जातात.