ट्रोलिंग मोटरला रिमोट : फ्रीव्हील, चिकटलेला रिले आणि पंधरा सेकंद

माझ्या होडीला ट्रोलिंग मोटर आहे, म्हणजे बॅटरीवर चालणारी, होडी हळूहळू ढकलणारी छोटी पंख्याची मोटर. ती रिमोटनं चालवायचा माझा खटाटोप चाललाय. मागच्या नोंदीत "रिमोट बसला, आता रविवारी पाण्यात" असं मी छाती फुगवून लिहिलं होतं. रविवारी पाण्यात गेलो. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या वरचं पाणी, बरगे (बंधाऱ्याच्या गाळ्यांतल्या फळ्या) घातल्यापासून तुंबून संथ झालेलं, वारा नाही, चाचणीला याहून चांगली जागा नाही. बटण दाबलं, मोटर चालू. पुन्हा दाबलं, मोटर चालूच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, काहीच फरक नाही. होडी सरळ काठाच्या गवतात निघालेली. पुढच्या फळीवर बसलेले दाजी शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, तुमचं यंत्र ऐकंना झालंय."

शेवटी वाकून बॅटरीचा चिमटा ओढून काढला. चर्रकन ठिणगी उडाली, अंगठ्याला चटका बसला आणि होडी गवतात तोंड खुपसून थांबली. घरी येऊन रिले (रिमोटच्या इशाऱ्यावर मोटरचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) उघडला तर आतले दोन्ही कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटलेले. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दाबल्यावर 'टक्' करून सुटले. बोर्डाचा लाल दिवा मात्र शेवटपर्यंत इमानेइतबारे "बंद" दाखवत होता.

चूक माझीच. मोटर ५५ पाउंड थ्रस्टची (ढकलण्याच्या जोराची) आहे, पाचव्या वेगाला ५० अँपिअरच्या आसपास ओढते. मी लावला होता गाडीच्या हेडलाइटला लावतात तो ४० अँपिअरचा रिले. हिशेब दिसत होता, पण "थोडा वेळच तर चालवायचीय" म्हणून दुर्लक्ष केलं. शिवाय मोटर सुरू होताना क्षणभर त्याहून जास्त करंट घेते, ते वेगळंच.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. होडी बारा फुटी फायबरची. २०१९ च्या पुरात पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीच्या कितीतरी वर गेली, आंबेवाडीच्या मावशीच्या घरात पाणी शिरलं, तेव्हाच ठरवलं की दारात एक होडी हवी. पूर ओसरला, होडी राहिली, आणि तिच्यावर चिलापी आणि रोहूसाठी गळ टाकायला जायला लागलो. मोटरचं हँडल एका हातात आणि रॉड दुसऱ्या हातात, मासा लागला की दोन्हींची ओढाताण. परदेशात तयार रिमोटच्या मोटरी मिळतात. मिन कोटा हे त्यातलं जुनं नाव, अमेरिकेतल्या मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या दोन राज्यांच्या नावांवरून केलेलं. त्यांच्या वरच्या दर्जाच्या मोटरी जीपीएस वापरून होडी एका जागी धरूनही ठेवतात. पण त्यांची किंमत ऐकून मी आपला उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात गेलो.

वळवण्याची यंत्रणा तिथेच झाली. जुन्या गाडीची वायपर मोटर घेतली. तिच्या आत वर्म गिअर (मोटरनं फिरणारा, पण बाहेरून उलटा न फिरणारा स्क्रूसारखा गिअर) असतो, त्यामुळे करंट बंद केला की ती जागेवर घट्ट राहते, पाण्याच्या दाबानं दांडा फिरत नाही. तिला सायकलचं १४ दात्यांचं फ्रीव्हील, ट्रोलिंग मोटरच्या दांड्यावर ४४ दात्यांचं चेनव्हील, आणि मध्ये चेन. चेनव्हीलला भोक मोठं करून दांड्यावर आवळायचा बुश (मधली धातूची नळी) हवा होता, तो लेथवर काढून घ्यायचा होता. मिस्त्रींनी फ्रीव्हील हातात घेतलं, बोटानं फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"हे कुठं लावणार?"

सांगितलं.

"आरं, ह्ये एकाच अंगानं ओढतंय. उलटं फिरवलंस की नुसतं टिकटिक करणार. तुझी होडी आयुष्यभर डावीकडंच वळणार बघ."

इतकी वर्षं सायकल चालवली आणि हे डोक्यात आलं नाही. मिस्त्रींनी आतबाहेरच्या दोन कड्यांना तीन जागी वेल्डिंगचे टाके मारले, फ्रीव्हीलचं साधं चक्र झालं. बुशचे पैसे घेतले, टाक्यांचे नाही. ते हसण्यात वळते झाले असावेत.

वायपर मोटर मंद वेगावर मिनिटाला चाळीसेक फेरे घेते. १४ ला ४४ म्हणजे साधारण तीनपट कमी, दांडा मिनिटाला तेरा फेरे. ऐकायला कमी वाटतं, पण सेकंदाला पाऊण काटकोनाहून जास्त होतं. बटणाला बोट लागलं की होडी गिरकी घेणार. म्हणून मध्ये बीटीएस७९६० ड्रायव्हर (मोटरची दिशा आणि वेग सांभाळणारा बोर्ड) घातला आणि पीडब्ल्यूएमनं, म्हणजे करंट भराभर चालू-बंद करून, वेग निम्म्यावर आणला. आता दांडा गाईनं मान वळवावी तसा फिरतो.

वायपर मोटर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट आधी मल्टीमीटरनं तपासा. पुष्कळ मोटरींची निगेटिव्ह बाजू आतून थेट बॉडीला जोडलेली असते. गाडीत ते चालतं, कारण तिथं मोटर एकाच दिशेनं फिरते. आपण दिशा बदलायला तारा उलटवतो, तेव्हा ती बॉडी पॉझिटिव्ह होते, आणि लोखंडी ब्रॅकेट कुठं निगेटिव्हला टेकलं असेल तर फटाका. मी ब्रॅकेटखाली रबरी पट्टी आणि बोल्टला नायलॉनचे वॉशर घातलेत. वळणाच्या दोन्ही टोकांना लिमिट स्विचही (दांडा टेकला की करंट तोडणारे) आहेत, नाहीतर दांडा गोल गोल फिरून वायरीची वेणी घालतो. प्रत्येक स्विचवर आडवा डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा) टाकला की टोकाला पोचल्यावर पुढं जाणं बंद होतं, पण माघारी फिरता येतं.

आता रिमोट. ४३३ मेगाहर्ट्झचा, चार बटणांचा, गेट उघडायला वापरतात तसला स्वस्तातला. रिसीव्हरची अँटेना म्हणजे पाव तरंगलांबीची तार, १७.३ सेंटिमीटर. आधी मी ती डबीत गुंडाळून ठेवली होती, तर होडीच्या मागच्या टोकावरूनही बटण लागेना. तार सरळ उभी केल्यावर काठावरून, माझ्या पावलांनी साठ पावलांवरून मोटर चालू झाली. खिशात रिमोट ठेवून दाबलं की अंतर बरंच घटतं, शरीर मध्ये येतं.

दुसरा त्रास आवाजाचा, म्हणजे कानाला ऐकू येणाऱ्या नाही, तारांमधल्या विजेच्या गोंगाटाचा. वायपर मोटरच्या ब्रशमधून उडणाऱ्या ठिणग्यांमुळे आर्डुइनो नॅनो (रिमोटचे इशारे घेऊन सगळं चालवणारा छोटा कंट्रोलर) मध्येच रीसेट व्हायचा. मोटरच्या दोन तारांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर, अगदी मोटरच्या तोंडाशी, आणि नॅनोला वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा). एवढ्यावर थांबला. दोन संध्याकाळी गेल्या त्यात, आणि त्या दोन्ही संध्याकाळी मी कोडला शिव्या देत होतो.

ज्यावर सगळ्यात जास्त डोकं खर्च झालं ती गोष्ट म्हणजे मोटर थांबवणं. या रिमोटचे रिसीव्हर दोन तऱ्हांनी चालतात. एकात बटण दाबून ठेवाल तोवरच रिले लागतो. दुसऱ्यात एकदा दाबलं की लागतो, पुन्हा दाबलं की सुटतो. मी दुसरी तऱ्हा ठेवली होती, अंगठा मोकळा राहावा म्हणून. पण विचार करा, रिमोट पाण्यात पडला. किंवा मीच पडलो. मोटर माझ्याविना बंधाऱ्याकडं चालती झाली, आणि मी लाइफ जॅकेट घालून मधोमध तरंगत तिच्याकडं बघतोय. पहिल्या तऱ्हेत ही भीती नाही, पण अर्धा तास अंगठा दाबून कोण बसणार?

म्हणून मधला मार्ग काढला. 'चल' दाबलं की मोटर पंधरा सेकंद चालते आणि आपोआप थांबते. त्या आत कुठलंही बटण दाबलं, अगदी डावं-उजवं सुद्धा, की पुढचे पंधरा सेकंद मिळतात. अधूनमधून हाळी देत राहायचं. हाळी आली नाही तर मालक हजर नाही असं समजून मोटर झोपते. चौथं बटण फक्त थांबण्याचं. दाजींना हे फार आवडलं. म्हणाले, घरी टीव्हीला पण असलंच बसवा.

हे सगळं कोड झालं, पण चिकटलेला रिले कोडचं ऐकत नाही. म्हणून खालची बाजूही बदलली. आता १०० अँपिअरचा, १२ व्होल्ट कॉइलचा डीसी कॉन्टॅक्टर (मोठा, दणकट रिले) आहे, सतत चालू राहण्यासाठी बनवलेला. गाडीचा स्टार्टर सोलेनॉइड (इंजिन सुरू करताना लागणारा रिले) लावायचा सल्ला मला तिघांनी दिला. तो काही सेकंदांपुरता असतो, तासभर चालू ठेवला तर तापून जळेल. घरातला एमसीबीही (जास्त करंट गेला की पडणारा ब्रेकर) नको, तो एसीसाठी असतो. एसीचा करंट सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती ताणत राहते. बॅटरीच्या तोंडाशी ६० अँपिअरचा डीसी ब्रेकर बसवला, हात सहज पोचेल असा. कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या तारेत एक ओढायची किल्ली आहे, तिची दोरी माझ्या जॅकेटला. मी पडलो की किल्ली निघते. आणि कॉन्टॅक्टरही कधी चिकटलाच, तर दाजींनी ब्रेकर पाडायचा. चिमटा आता कुणी ओढणार नाही. लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथं ठिणगी पाडण्याचा शहाणपणा मी एकदा करून झालोय.

वायरही जाड केली. जाऊन-येऊन चार मीटर लांबी, ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, ५० अँपिअर: जवळजवळ ०.६ व्होल्ट वाटेतच जातात. १६ स्क्वेअर एमएमला ते पाव व्होल्टाच्या आत आले. लक्ष्मीपुरीच्या बाजारात वायरचा भाव ऐकून घाम फुटला, पण घेतली.

काल संध्याकाळी पुन्हा त्याच पाण्यात. पंचवीस मिनिटं, सगळे वेग, वीसेक वेळा चालू-बंद. मुद्दाम रिमोट फळीवर ठेवून दिला आणि मोजत बसलो. चौदा, पंधरा, टक्. मोटर थांबली. किल्ली ओढून बघितली, थांबली. वेग अजून हँडलवरच्या मूळ स्विचनं हातानंच ठरवतो, रिव्हर्सही हातानंच. रिमोटवर फक्त चल, थांब आणि वळणं. परतताना जलपर्णीचा एक झुबका पंख्यात अडकला आणि ब्रेकर पडला. त्याची परीक्षा आयतीच झाली.

राहिलंय ते रिसीव्हर आणि नॅनोच्या डबीचं काम. केबल जिथून आत येते तिथं मी घरातलं सिलिकॉन भरलं होतं, ते व्हिनेगरसारखं वास मारणारं. तो वास ॲसिटिक ॲसिडचा, आणि आठ दिवसांत आतल्या तांब्याच्या टोकांवर हिरवी बुरशी आल्यासारखं झालं. सगळं खरवडून काढलंय. आता ग्लँड (केबलभोवती आवळून पाणी अडवणारी चकती-नट) बसवणार आणि बिनवासाचं न्यूट्रल सिलिकॉन. चेनला ग्रीस लावावं की पाण्यात चालणारं दुसरं काही, यावर कुणाचा अनुभव असेल तर सांगा. एकाच रविवारात तिच्यावर तांबडं यायला लागलंय.