एका ‘पुन्हा’पाशी अडलेलं भाषांतर

मंडळीच्या नाताळ अंकासाठी ओबद्या होम्सचं पत्र मराठीत करून देतो, असं मी नगरच्या बैठकीत बोलून बसलो. चार संध्याकाळी पुरतील वाटलं होतं. महिना गेला.

होम्स मूळचा मँचेस्टरकडचा. 1638च्या सुमारास तो मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला आला, काचेच्या कामाला लागला. पुढे बाप्टिस्ट, म्हणजे बाळांना नव्हे तर विश्वास ठेवणाऱ्या मोठ्यांनाच बाप्तिस्मा देणाऱ्यांतला होऊन ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला गेला. जुलै 1651मध्ये जॉन क्लार्क आणि जॉन क्रँडलबरोबर तो मॅसॅच्युसेट्समधल्या लिनला विल्यम विटर या आंधळ्या म्हाताऱ्याकडे गेला. रविवारी घरात उपासना चालली असतानाच तिघांना धरलं. बॉस्टनच्या कोर्टाने होम्सला 30 पौंड दंड लावला, नाहीतर फटके. क्लार्कचे 20 पौंड मित्रांनी भरले. होम्सने आपले कुणाला भरू दिले नाहीत. सप्टेंबरात 30 फटके खाल्ले आणि लंडनच्या बाप्टिस्टांना सगळं कळवलं. क्लार्कने ते पत्र 1652मध्ये तिथेच छापलं.

पहिला आठवडा त्या छपाईनेच खाल्ला. जुना ‘एस’ हुबेहूब ‘एफ’सारखा, ‘स्ट्रोक्स’ऐवजी मी ‘फ्ट्रोक्स’ वाचत बसलो.

मग आसूड. मी ‘तिपेडी चाबूक’ लिहिलं. आई म्हणाली, “चाबूक टांगेवाल्याचा. आणि तिपेडी म्हणजे वेणी झाली रे.” शेवटी ‘तीन दोऱ्यांचा आसूड’ केलं. मारणारा तीनदा हातावर थुंकला, हे वाक्य मात्र आपसूक उतरलं. कुदळ धरणारा कुणीही ते ओळखेल. फटके संपल्यावर होम्स न्यायाधीशांना म्हणतो, “तुम्ही मला जणू गुलाबांनी मारलंत.” आईला हे पटेना. “आणि पाठीचं?” पत्रात ते नाही. पुढे ऱ्होड आयलंडचे गव्हर्नर जोसेफ जेंक्स यांनी लिहून ठेवलंय की कित्येक दिवस तो गुडघे आणि कोपरं टेकूनच काय ती झोप घेई. ती टीप मी आईसाठी घातली.

खरा अडलो प्रस्तावनेत. ‘होम्सने पुन्हा बाप्तिस्मा घेतला’ असं लिहून गेलो आणि थबकलो. ‘पुन्हा’ हा शब्द त्याला तुरुंगात धाडणाऱ्यांचा. बाळपणीचं पाणी तो बाप्तिस्माच मानत नव्हता. त्याच्या लेखी हा पहिलाच. कोर्टाच्या हुकुमाच्या मजकुरात ‘पुन्हा’ राहू दिला, प्रस्तावनेतला खोडला.

खोडताना जरा चरकलो. 1831मध्ये नगरला ठाणं मांडणारं अमेरिकन मराठी मिशन मॅसॅच्युसेट्सच्या काँग्रिगेशनल मंडळींचंच, म्हणजे होम्सला फोडून काढणाऱ्यांच्याच परंपरेतलं. माझा बाप्तिस्मा तीन महिन्यांचा असताना त्याच रीतीने झाला. होम्सने तो मोजला नसता.

प्रूफ आलं. पाळकसाहेबांनी लाल शाईने ‘पुन्हा’ परत घातला होता.

मी तो पुन्हा खोडला.