आईची सकाळची गोळी
गेलं वर्षभर आई रात्री दोन-अडीचला उठून बसायची. घशाशी आंबट पाणी, छातीत जळजळ, मग खोकला, आणि उजाडेपर्यंत भिंतीला टेकून तशीच. आमच्याकडे ह्याला पित्तच म्हणतात त्यामुळे थंड दूध, जिरं, कोकम सगळं करून झालं. शेवटी एन्डोस्कोपी केली तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जखमा निघाल्या, जठराच्या तोंडाशी जी झडप असते ती सैल पडलेली. पॅन्टोप्राझोल ४०, रोज एक, आठ आठवडे.

महिना झाला तरी फरक नाही. मी तर घाबरलेच होते. परत गेलो तेव्हा डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "काकू, गोळी घेता कधी?" आई म्हणाली, रात्री जेवण झाल्यावर, बीपीच्या गोळीबरोबर, आणि बरं वाटलं तर अर्धीच तोडून.

मग त्यांनी नीट समजावलं, आणि हे आधी कुणी सांगितलं असतं तर तिचा महिना वाचला असता. जठराच्या पेशींत आम्ल सोडणारे पंप असतात, आपण खायला लागलो की ते चालू होतात आणि ही गोळी फक्त चालू पंपच बंद करते. औषध रक्तात टिकतं जेमतेम काही तास, म्हणून खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची. बंद पडलेला पंप परत सुरू होत नाही, शरीर नवीन बनवतं, म्हणून एका गोळीचा परिणाम दिवसभर राहतो. पण सगळे पंप पहिल्याच दिवशी सापडत नाहीत, तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे जळजळलं की घेतली असं हे औषधच नाही. आणि तोडायची तर अजिबात नाही, वरचं आवरण गेलं की जठरातलं आम्लच औषध खराब करतं.

साडेसहाला गोळी, सव्वासातला चहा. दुसऱ्या आठवड्यात आई सलग झोपली. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा पण ठेवल्या, कारण गोळीने आम्ल कमी होतं, झडप काही घट्ट होत नाही.

कोर्स संपल्यावर गोळी बंद केली आणि चारच दिवसांत पुन्हा जळजळ, ती पण जास्त. आजार उलटला असं वाटून आई रडली. डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस दाबून ठेवलेलं आम्ल गोळी थांबली की काही दिवस उसळतं. मग एक दिवसाआड, मधल्या दिवशी लागलंच तर अँटासिड जेल.

आमच्या नात्यात दोघं-तिघं हीच गोळी वर्षानुवर्षं नुसती मेडिकलमधून आणून घेतायत, फार काळ घेतली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, तरी ते कधी तपासलेलं नाही, आणि ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. पण म्हणून मनाने बंद पण करू नका हो, ॲस्पिरिन चालू असलेल्या किंवा आधी अल्सरमधून रक्त गेलेल्या लोकांना ती बरेचदा मुद्दाम दिलेली असते. घास अडकणं, वजन उतरणं, काळी शी होणं, ह्यात वाट बघू नका. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन घाम आला तर पित्त समजून बसू नका, आधी ईसीजी.

आज सकाळी मी चहा ठेवायला गेले तर आई म्हणाली, थांब, अजून वीस मिनिटं आहेत.